डबल बेल

गाडीची लांबी किती, असं आजवर मला कोणी विचारलं नव्हतं. बोटीचं तिकीट काढताना विचारलं. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांवर गाडीसकट जायचं तर भाडं लांबीवर ठरतं, आणि बोटीतली जागाही. भाड्याने घेतलेल्या कॅम्परव्हॅनच्या कागदांवर ५.९९ मीटर लिहिलं होतं, तेच मी भरलं. बाबा शेजारी खुर्ची ओढून बघत होते. "एसटी याच्या जवळजवळ दुप्पट," म्हणाले, "आणि त्यात झोपायची सोय नाय, तरी लोक झोपतात."

बाबांनी एकतीस वर्षं एसटी चालवली. बरीचशी गुहागर-चिपळूण आणि आसपासची खेडी, मधली काही वर्षं कुंभार्ली चढून कराड. मी गेली अकरा वर्षं इंग्लंडात लीड्सला आहे. त्या उन्हाळ्यात आईबाबा तीन महिन्यांसाठी आले होते. पहिल्या महिन्यात बाबांनी घरातला प्रत्येक नळ दुरुस्त केला, दुसऱ्या महिन्यात ते खिडकीत बसून रस्त्यावरच्या बसचे नंबर मोजायला लागले. तेव्हा मला कळलं की यांना कुठेतरी न्यायला हवं, आणि गाडीनेच न्यायला हवं. आईने सुरुवातीलाच अंग काढून घेतलं. "मला ते पाणी नको नि गाडीतला संडास नको. मी नातवाला सांभाळते." मग तिने मेतकूट, भाजणी, लसणीची चटणी आणि आगळाची बाटली असं सगळं प्लास्टिकच्या दोन-दोन पिशव्यांत बांधून दिलं, बोटीत सांडायला नको म्हणून.

सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या हाती व्हॅन द्यायला भाड्याने देणारे तयार नव्हते. म्हणजे गाडी मी चालवणार. बाबा डावीकडे बसले, पट्टा लावला, आणि ग्लासगोच्या बाहेर पडताना त्यांनी डॅशबोर्डवर बोटाच्या पेराने दोनदा टकटक केलं. टण टण. "आयुष्यभर ऐकली," म्हणाले, "आता देतो."

ज्यांना एसटीची सवय नाही त्यांच्यासाठी: कंडक्टरने एकदा दोरी ओढली की थांब, दोनदा ओढली की चल.

आमचा बेत साधा होता. ओबनहून बोटीने बॅरा, तिथून एकेक बेट ओलांडत उत्तरेला लुइसपर्यंत, आणि तिथल्या स्टॉर्नोवे बंदरातून बोटीने परत मुख्य भूमीवर. नकाशात ही बेटं, आउटर हेब्रिडीज, स्कॉटलंडच्या अंगावरून निसटलेल्या लांबट सालीसारखी दिसतात. मधल्या काही खाड्यांवर आता बांध घातलेत, दोन ठिकाणी लहान बोट लागते. आईला फोनवर "बॅरा बेट" सांगितलं तर तिला वाटलं आम्ही बारा बेटं बघणार आहोत. "एवढी कशाला? चार बघा नि या घरी."

ओबनला गाड्या रांगांमध्ये लावून घेतात. हातात फोन घेतलेला माणूस गाडीपाशी येतो, नाव विचारतो, गॅसची टाकी बंद केलीत ना विचारतो. बोटीत शिरण्याआधी गॅस बंद करायचाच, हा नियम. बाबांना तो फार आवडला. उतरून, मागचं दार उघडून, नॉब स्वतःच्या हाताने घट्ट फिरवून आले. पुढच्या दोन आठवड्यांत हे काम त्यांनी मला एकदाही करू दिलं नाही. बोटीच्या पोटात गाड्या इतक्या जवळ लावतात की दार जेमतेम उघडतं. मग सगळ्यांनी वर जायचं, प्रवासभर खाली यायचं नाही. पावणेपाच तास. बाबा वरच्या डेकवर उभे राहिले, वाऱ्यात, कानटोपी घालून. आमच्या धोपाव्याहून दाभोळला जाणारी फेरीबोट दहा मिनिटांत पलीकडे लागते. त्यांना वाटत होतं ही तशीच असेल, फक्त मोठी.

बॅराच्या कासलबे बंदराला बोट वळते तेव्हा समोर पाण्यातच एक किल्ला उभा दिसतो. किसिमुल. चारही बाजूंनी पाणी. "हा तर जंजिराच," बाबा म्हणाले, "पण खिशात मावेल एवढा." मॅकनील घराण्याचा हा किल्ला २००० साली सरकारी पुरातत्त्व खात्याने हजार वर्षांच्या भाडेकराराने घेतला. भाडं: वर्षाला एक पाउंड आणि व्हिस्कीची एक बाटली. बाबांनी बराच वेळ विचार केला आणि विचारलं, "बाटली कुठल्या कंपनीची, ते लिहिलंय काय करारात?"

बॅराचा विमानतळ पाहायला लोक लांबून येतात. तिथे धावपट्टी नाही. एक रुंद, पांढरट किनारा आहे, ओहोटी लागली की उघडा पडतो, आणि त्यावर ग्लासगोहून येणारं छोटं विमान उतरतं. भरतीला धावपट्टी समुद्रात. त्यामुळे विमानाचं वेळापत्रक भरती-ओहोटी बघून ठरतं. वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी वर चढवली असेल तर विमानतळ चालू आहे, किनाऱ्यावर पाय ठेवायचा नाही. एरवी तिथेच लोक शिंपले वेचतात.

बाबांना हे सांगितलं आणि त्यांनी लगेच तिथी विचारली. आमच्याकडे भरतीचं गणित सोपं आहे. तिथीला पाऊणने गुणायचं, जो आकडा येईल त्या सुमाराला भरती. लहानपणी शिंपले काढायला जाताना आजी हेच करायची. मी फोनवर कालनिर्णय बघितलं. चतुर्दशी. चौदा पाऊणे साडेदहा. "साडेदहाला भरती," बाबांनी जाहीर केलं, "विमान काय येत नाय आता. दुपारनंतर या." आम्ही तरी थांबलो, कारण चहा मिळत होता. साडेदहा वाजले. पाणी दूर दूर चाललेलं. अकराच्या सुमाराला ते विमान आलं, ओल्या वाळूवर उतरलं, चाकांमागे पाण्याचे दोन पंखे उडवत थांबलं, आणि त्यातून एक आजीबाई वाणसामानाच्या पिशव्या घेऊन उतरल्या, जशी कोणी श्रृंगारतळीहून बाजार करून येते तशी.

बाबा गप्प झाले होते. विमानापेक्षा त्यांना तिथी चुकल्याचं लागलं होतं. रात्री त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा किनारा बघितला, तिसऱ्या दिवशी पुन्हा. मग एका सकाळी ब्रश तोंडात असतानाच म्हणाले, "सहा तासांचा फरक हाय. आपलं काढायचं नि सहा मिळवायचे. गणित बरोबरच हाय, गाव वेगळं." त्यानंतर सगळ्या बेटांवर त्यांनी मला छापील तक्त्यात बघू दिलं नाही. पाच-दहा मिनिटांकडे दुर्लक्ष केलं तर त्यांचं जमत होतं.

आता रस्त्यांबद्दल लिहायला हवं, कारण या बेटांवर जे काही घडतं ते रस्त्यावर घडतं. बरेचसे रस्ते एकपदरी आहेत. एकपदरी म्हणजे खरोखर एक गाडी मावेल एवढेच, दोन्ही बाजूंना दलदल किंवा दगड. थोड्या थोड्या अंतरावर रस्त्याला एका बाजूला पोट सुटल्यासारखा फुगवटा असतो आणि तिथे पाटी असते, पासिंग प्लेस. समोरून गाडी दिसली की ज्याला जागा जवळ त्याने बाजूला व्हायचं. फुगवटा आपल्या डाव्या हाताला असेल तर त्यात शिरायचं, उजव्या हाताला असेल तर त्याच्यासमोर आपल्याच बाजूला थांबायचं म्हणजे समोरचा त्यात शिरून वळसा घालतो. मागून कोणी घाईत असेल तर त्यालाही तिथेच वाट द्यायची. आणि दोन गाड्या एकमेकींना पार करताना हात करायचा. इथले लोक हात करत नाहीत, स्टिअरिंगवरचा हात तसाच ठेवून एकच बोट वर करतात. एवढंसं.

एसटीचे ड्रायव्हर एकमेकांना असाच हात करतात. लहानपणी पुढच्या सीटवर बसून मी ते बघितलंय. समोरून लाल गाडी आली की बाबांचा हात आपोआप उठायचा, बोलणं चालू असलं तरी. बॅराच्या पहिल्या वळणावर समोरच्या लँडरोव्हरवाल्याने बोट वर केलं आणि बाबांचा हात सीटवरून तसाच उठला, दहा-बारा वर्षं निवृत्त असल्याचं त्या हाताला कळलंच नव्हतं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "यांच्यात पण हाय?"

हाय म्हणाले खरे, पण मी दुसऱ्याच दिवशी माती खाल्ली. साउथ यूइस्ट बेटावर एका वळणावर समुद्र असा काही निळा दिसला की मी गाडी पासिंग प्लेसमध्ये घातली, हँडब्रेक ओढला आणि फोन घेऊन उतरले. फोटोच काढायचा होता. चार काढले. मागे वळले तर ट्रॅक्टर उभा. समोरून पोस्टाची लाल व्हॅन येऊन उभी. दोघांना एकमेकांना पार करायला तीच एक जागा, आणि त्यात आमचं सहा मीटरचं घर. ट्रॅक्टरवाल्याने हॉर्न दिला नव्हता. इंजिन बंद करून शांत बसला होता, किती वेळ कोण जाणे. मी धावत आले, माफी मागितली. तो म्हणाला, छान दिवस आहे फोटोला. बास, एवढंच. पाच मैल माझे कान गरम होते.

बाबा ट्रॅक्टर दिसेनासा होईपर्यंत बोलले नाहीत. मग म्हणाले, "कुंभार्लीत माझ्यापुढे कोणी असा उभा राहिला असता ना..." आणि पुढे काय केलं असतं ते सांगितलं नाही, पण ते वाक्य मला पाठ आहे. त्या दिवसापासून कामांची वाटणी झाली. डावा आरसा बाबांचा. मागे गाडी दिसली की ते नुसतं "हाय" म्हणायचे, मी पुढच्या जागेला बाजूला घ्यायची, गाडी पुढे जायची, तो माणूस बोट वर करायचा, बाबा हात, आणि मग डॅशबोर्डवर टण टण. एका दिवशी मी मोजलं, सव्वीस वेळा.

व्हॅटर्से हे बॅराला बांधाने जोडलेलं छोटं बेट. १९९१ साली बांध झाला. तिथल्या टेकडीवर बसून मी बाबांना त्या बेटाची गोष्ट सांगितली, आणि इथे मला प्रथमच भाषांतर करावं लागलं नाही. क्रॉफ्ट म्हणजे जमीनदाराच्या मालकीचा, कुळाने कसायचा लहानसा तुकडा. कुळांना कसलंच संरक्षण नव्हतं. १८५१ साली बॅरा आणि साउथ यूइस्टच्या जमीनदाराने, क्लुनीच्या गॉर्डनने, हजारहून जास्त माणसं जहाजांत भरून कॅनडाला धाडली. जी जात नव्हती त्यांना पकडून, बांधून चढवलं. त्या जागी मेंढ्या आल्या. १८८६ साली कायदा झाला, कुळाला जमिनीवरून उठवता येईना. पण ज्यांच्याकडे तुकडाच नव्हता त्यांचं काय? १९०६ नंतर बॅराच्या लोकांनी सरळ व्हॅटर्सेवर येऊन झोपड्या बांधल्या. त्यांच्यात जुनी समजूत होती की एका दिवसात छप्पर घालून आत चूल पेटवली की ती जागा आपली. १९०८ मध्ये दहा जण तुरुंगात गेले. दुसऱ्या वर्षी सरकारने बेटच विकत घेतलं आणि त्यांना वाटून दिलं.

"म्हणजे खोत होता यांना पण," बाबा म्हणाले. पणजोबांनी खोताच्या वाड्यावर वेठीला काढलेल्या दिवसांच्या गोष्टी आमच्या घरात अजून सांगतात. आमच्याकडे खोती १९४९ च्या कायद्याने गेली, कूळकायदा त्याच्या आदल्या वर्षीचा. बाबांनी बोटांवर हिशेब केला. "आपल्या आधी साठ वर्षं. आणि बोटीत घालून मुलूखच सोडायला लावला? आपला खोत बरा म्हणायचा." जरा थांबून, "नाय, बरा नाय."

साउथ यूइस्ट, एरिस्के आणि आजूबाजूची जमीन २००६ साली तिथल्या लोकांनीच मिळून विकत घेतली. आता मालक तेच. हे मी सांगितलं तेव्हा बाबा गाडीतून बाहेर बघत होते. पश्चिम किनाऱ्याला लागून मैलोन्‌मैल सपाट, फुलांनी पिवळीपांढरी झालेली जमीन. तिला माखर म्हणतात. 'ख'चा उच्चार घशातून, आणि गणपतीच्या मखराशी काही संबंध नाही. शिंपल्यांचा चुरा झालेली वाळू वाऱ्याने शेकडो वर्षं आत येऊन पसरली, आंबट काळ्या मातीवर चुना पडावा तशी, आणि ती जमीन पिकाऊ झाली. त्यात ओट, राय, बार्लीचं एक जुनं वाण पेरतात. खत म्हणून समुद्रातलं शेवाळ. एक पक्षी तिथे राहतो, कॉर्नक्रेक, तो दिसत नाही, रात्रभर गवतातून नुसता कर्रर कर्रर करतो, कंगव्यावर नख ओढल्यासारखा. आफ्रिकेतून येतो म्हणे एवढ्या लांब, आणि येऊन आमच्या व्हॅनशेजारी बसतो. बाबांनी दोन रात्री सहन केलं.

रात्री हा शब्द सवयीने आला. जूनमध्ये तिथे साडेदहापर्यंत ऊन असतं आणि नंतरही काळोख असा होतच नाही. दिवेलागण कधी धरायची हा बाबांचा प्रश्न होता. शेवटी त्यांनी घड्याळात सात वाजले की खिडकीचा पडदा ओढून, अर्ध्या मिनिटात शुभंकरोति म्हणून, पडदा पुन्हा उघडायला सुरुवात केली.

आता कॅसेट. कॅम्परव्हॅनच्या संडासाखाली एक प्लास्टिकची पेटी असते, बाहेरून लहान दार उघडून ओढून काढायची. तिला कॅसेट म्हणतात. "आमच्याकडे कॅसेटमध्ये भजनं असायची," बाबा म्हणाले. दोन दिवसांत ती भरते. मग जिथे सोय असेल तिथे चाकांवरून ओढत न्यायची, झाकण उघडायचं, एक बटण दाबून धरायचं म्हणजे हवा आत जाते आणि गटगट आवाज न होता ओतलं जातं, विसळायची, निळं औषध घालायचं. बटण दाबायला मी पहिल्यांदा विसरले. पुढचं सांगत नाही. बूट तिथेच टाकावे लागले.

सांगायचं आहे ते वेगळंच. या दोन गोष्टी, कॅसेट आणि झोपायची जागा, इथे भांडणाचं मूळ आहेत. २००८ पासून बोटींची भाडी उतरली, बेटावरच्या लोकांसाठी उतरली, आणि त्याबरोबर आम्हीही आलो. माझ्यासारखी माणसं, सहा सहा मीटरच्या घरांत बसून. स्कॉटलंडमध्ये कोणाच्याही रानात तंबू ठोकायचा हक्क कायद्याने आहे, तो गाडीला नाही. पण निम्म्या लोकांना वाटतं की आहे. ते माखरवर गाडी घालतात. चाकाने गवताची साल फाटते, त्या फटीत वारा शिरतो, आणि एका हिवाळ्यात तिथे खड्डा, मग घळ. कॅसेट कुठेतरी दगडामागे रिकामी होते. आम्ही असं काही केलं नाही; गावांनी नेमून दिलेल्या जागांवरच उतरलो, पेटीत पैसे टाकले. पण मला हेही दिसत होतं की आम्ही दूध, डिझेल, पाव सगळं लीड्सजवळच्या सुपरमार्केटातून भरून आणलंय. बेटावर आम्ही विकत घेतली ती अंडी. रस्त्याच्या कडेला एका जुन्या फ्रिजमध्ये ठेवलेली, शेजारी डबा, घ्या आणि पैसे टाका.

अंड्यांच्या त्या फ्रिजपाशी मालकीणबाई भेटल्या. बाबांना "थँक्यू"ला गेलिकमध्ये, म्हणजे इथल्या जुन्या भाषेत, काय म्हणतात ते हवं होतं. तापा लेव, त्या म्हणाल्या. मग हसून पुढे, हे मोठ्या माणसाला. लहानाला म्हणायचं तर तापा लेत. मी सांगेपर्यंत बाबांना कळलंही होतं. "अहोजाहो हाय यांच्यात!" इंग्रजीत अकरा वर्षं काढलेल्या माझ्यापेक्षा इंग्रजी न येणाऱ्या बाबांना तो शोध मोठा वाटला. त्यानंतर ते भेटेल त्याला तापा लेव म्हणत सुटले, पाच वर्षांच्या पोरांनासुद्धा. पोरं बुचकळ्यात पडायची. २०२२ च्या जनगणनेनुसार या बेटांवर गेलिक बोलणारे आता निम्म्याहून कमी झालेत, त्यामुळे काही मोठी माणसंही.

हॅरिस आणि लुइस ही नावं दोन, जमीन एक. बर्नरे बेटावरून तिथे नेणारी बोट सरळ जात नाही. खडकांमधून वळत वळत तासभर नागमोडी जाते, बाबांच्या मते घाटच, पाण्याचा. लस्कंटायरची वाळू फोटोत दिसते तशीच आहे, तिच्याबद्दल मी काही बोलत नाही. कॅलनिशचे उभे दगड पाच हजार वर्षांपूर्वीचे, गर्दीही तशीच. मला लक्षात राहिलं ते गेअरनन हे गाव. दगडी, बसकी घरं, वर गवत शाकारलेलं, आणि छप्पर वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावरून दोर टाकून दोरांना धोंडे लटकवलेले. जुन्या काळी अशा घरांत चूल मध्यभागी, धुराडं नाही, गुरं त्याच छपराखाली. १९७४ पर्यंत लोक राहत होते. बाहेर पीटचा ढीग रचलेला. पीट म्हणजे दलदलीतून फावड्याने कापून वाळवलेल्या मातीच्या विटा, जळण म्हणून. ते रचणं अगदी गोवऱ्यांच्या हुडव्यासारखं, पाऊस आत जाऊ नये असं. बाबांनी एक वीट उचलून नाकाला लावली आणि काही न बोलता परत बरोबर त्याच जागी बसवली.

रविवारी लुइसला बहुतेक सगळं बंद असतं. प्रॉटेस्टंट उत्तरेत शब्बाथ, म्हणजे रविवारचा देवाचा वार, कडक. दक्षिणेकडच्या कॅथलिक बेटांवर तसं नाही. स्टॉर्नोवेहून रविवारची पहिली प्रवासी बोट सुटली ती २००९ साली, आणि त्यावरूनही वाद झाला होता. रविवारी कपडे वाळत घालत नाहीत हे मी वाचलं होतं आणि विसरले होते. सकाळी दहाला बाहेर आले तर व्हॅनच्या आरशावर बाबांचा पंचा फडकत होता. समोरून काळे कपडे घातलेली माणसं चर्चला चालली होती. कोणी बघितल्यासारखं केलं नाही. बाबांना कारण सांगितलं तर त्यांनी पंचा काढला, ओलाच घडी घालून आत ठेवला. "आषाढीला आपल्याकडे कोणी मासे तळत बसलं तर?"

स्टॉर्नोवेचाच एक मुलगा, कॉलिन मॅकेन्झी, १८१५ साली भारताचा पहिला सर्व्हेअर जनरल झाला. म्हैसूर-दख्खनची मोजणी करता करता त्याने आपल्या पंडितांकरवी हस्तलिखितांचे डोंगर जमवले, त्यात मराठीही. परत आला नाही, १८२१ मध्ये बंगालमध्ये गेला. बंदराकडे तोंड करून बसलो असताना हे बाबांना सांगितलं. "हितनं तिकडे जायचा तेव्हा बोटीला किती दिवस लागायचे?" महिने, मी म्हटलं. "आणि तुला एक दिवस उशीर झाला तर तोंड बघ."

कारण आमची बोट रद्द झाली होती. वारा. आदल्या रात्री मेसेज आला, सोमवारची, मुख्य भूमीवरच्या अलापूलची बोट जाणार नाही, पुढच्या बोटी भरलेल्या आहेत, स्टँडबायच्या रांगेत लागा. स्टँडबाय म्हणजे बुकिंगवाले सगळे चढले आणि जागा उरली तर. मंगळवारी सकाळी साडेपाचला आम्ही रांगेत चौथे होतो. मी चिडलेली होते. व्हॅन परत करायची होती, जास्तीच्या दिवसाचे पैसे पडणार होते, रजा संपली होती. बाबा मजेत होते. "डेपोत बसल्यासारखं वाटतंय."

आमच्यामागे एक लहानशी निळी गाडी, त्यात पंच्याहत्तरीच्या बाई आणि मागच्या सीटवर कुत्रा. वारा पडला होता, त्यामुळे चिलटं उठली होती. मिज म्हणतात त्यांना, दिसत नाहीत आणि सोलून काढतात. बाईंनी खिडकीतून आम्हाला चिलटांचं मलम दिलं. इन्व्हर्नेसच्या दवाखान्यात डोळ्यांची तारीख आहे, म्हणाल्या. दवाखान्याचं पत्र तीन आठवडे आधी येतं. उन्हाळ्यात बोटी चार-चार महिने आधी भरतात. कोणी भरल्यात ते त्या बोलल्या नाहीत. आमच्या व्हॅनकडे बघितलंही नाही, मुद्दाम. मी बाबांना सगळं मराठीत सांगितलं. त्यांनी विचारलं, "आपण कधी काढलं होतं तिकीट?" फेब्रुवारीत, मी म्हटलं.

बुकिंगच्या रांगा एकेक करून बोटीच्या उघड्या तोंडात गेल्या. त्यातल्या व्हॅन मी मोजल्या नाहीत. मग स्टँडबाय. पहिली गाडी गेली. दुसरी गेली. तिसरी, एका सुताराची व्हॅन, गेली. मी इंजिन चालू केलं. पिवळ्या जॅकेटमधला माणूस आमच्यापाशी आला, हातातल्या कागदावर बघितलं, आत वळून बोटीतल्या माणसाला काहीतरी विचारलं. त्याने दोन्ही हात पसरून दाखवले आणि मग ते जवळ आणले. एवढीच जागा. पिवळा जॅकेट माझ्याकडे बघून मान हलवून म्हणाला, सॉरी, तुमची लांबी जास्त आहे. आणि मागच्या निळ्या गाडीला हात केला.

मी गाडी जरा डावीकडे घेतली. बाई शेजारून पुढे गेल्या. कुत्र्याने आमच्याकडे बघितलं, बाईंनी समोरच बघितलं, पण स्टिअरिंगवरचं एक बोट वर झालं. बाबांनी पूर्ण हात वर केला आणि बोटीचं तोंड बंद व्हायला लागेपर्यंत खाली घेतला नाही.

मग डॅशबोर्डवर टकटक केलं. एकदाच.

"गॅस उघडतो," पट्टा सोडत म्हणाले, "चहा टाक गो."